मिनिटांचा हिशोब: अण्वस्त्रं आणि चुकलेले इशारे



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर 'अण्वस्त्रांचा धोका: काल आणि आज' असं छापलंय. नाव माझंच आहे, त्यामुळे तक्रार करता येत नाही. पण तासाभरात मावणारा हा विषय नव्हे. बॉम्ब कसा बनला, कोणाकडे किती आहेत, कोणाची ताकद जास्त, यावर पुष्कळ बोललं गेलंय. मी आज एकच धागा धरणार आहे. तो म्हणजे वेळ. हल्ला होतोय असं कळल्यापासून उत्तर द्यायचं की नाही हे ठरवेपर्यंत माणसाच्या हातात किती मिनिटं असतात, आणि ती मिनिटं गेल्या ८० वर्षांत कशी वाढली, कशी घटली.

सुरुवात हिरोशिमापासूनच करू. ६ ऑगस्ट १९४५. बॉम्ब सकाळी सव्वाआठला पडला हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सकाळी ७ वाजून ९ मिनिटांनी शहरात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला होता. एक अमेरिकी विमान आकाशात दिसलं होतं. ते हवामान बघायला आलेलं विमान होतं. ते निघून गेलं आणि ७ वाजून ३१ मिनिटांनी धोका टळल्याचा इशारा झाला. लोक आडोशातून बाहेर आले, चुली पेटल्या, शाळकरी मुलं रस्ते मोकळे करण्याच्या कामावर गेली. नंतर जी विमानं आली ती दोन-तीनच होती. एवढ्या थोड्या विमानांनी मोठा हल्ला होत नाही, हा तोवरचा अनुभव. म्हणजे त्या दिवशी इशारा देणाऱ्यांनी खऱ्या धोक्याला किरकोळ समजण्याची चूक केली.

पुढच्या काळात चूक झाली ती बहुतेक वेळा उलट्या बाजूने. धोका नव्हता, आणि यंत्रं सांगत होती की आहे. या उलट्या चुकीचाच इतिहास मला आज सांगायचाय, कारण अण्वस्त्रांचा आजचा धोका समजून घ्यायला तो जास्त उपयोगी आहे असं माझं मत आहे.

आधी १९६२ चा ऑक्टोबर. क्यूबात रशियाने क्षेपणास्त्रं आणून ठेवली, केनेडींनी समुद्रात नाकेबंदी केली, तेरा दिवस जग श्वास रोखून होतं, ही कथा तुम्ही ऐकलेली आहे. त्यातली एक छोटी गोष्ट बघा. ख्रुश्चेव्ह यांनी २६ ऑक्टोबरला केनेडींना एक लांबलचक पत्र लिहिलं. समेटाचा सूर असलेलं पत्र. ते मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीत संध्याकाळी पोहोचलं. तिथे त्याचं भाषांतर झालं, सांकेतिक लिपीत घातलं गेलं, तुकड्या-तुकड्यांनी पाठवलं गेलं, आणि वॉशिंग्टनमध्ये ते पूर्ण हाती यायला जवळजवळ १२ तास लागले. बारा तास! आणि उलट दिशेची तऱ्हा काय होती? वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांनी आठवणींमध्ये लिहून ठेवलंय की त्यांच्या तारा न्यायला तार कंपनीचा एक तरुण सायकलवरून यायचा. जगाचं काय होणार याचा मजकूर घेऊन तो पोरगा सायकल मारत जायचा, आणि राजदूतसाहेब मनात म्हणायचे, हा वाटेत कुठे रेंगाळला नाही म्हणजे मिळवलं. शेवटी शेवटी तर ख्रुश्चेव्ह यांना इतकी घाई झाली की २८ तारखेचं माघारीचं पत्र त्यांनी सरळ मॉस्को रेडिओवरून वाचून दाखवायला लावलं.

इथे ट्रंक कॉल बुक करून पोस्टात दोन-दोन तास बसलेली पिढी समोर आहे, म्हणून तुम्हाला ही गोष्ट लगेच समजेल. निरोप जायला बारा तास, आणि क्षेपणास्त्र जायला अर्धा तासही नाही. १९६२ चं संकट या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत उभं होतं.

२७ ऑक्टोबरला, म्हणजे त्या पत्राच्या दुसऱ्याच दिवशी, क्यूबाजवळ समुद्रात बी-५९ नावाची सोव्हिएत पाणबुडी अमेरिकी युद्धनौकांनी हेरली. तिला वर यायला भाग पाडण्यासाठी त्यांनी सरावाचे हलके स्फोटक गोळे पाण्यात टाकले. अशा गोळ्यांचा अर्थ 'वर या' असा घ्यावा, हे अमेरिकेने मॉस्कोला रीतसर कळवलं होतं. मॉस्कोला कळलं, पाण्याखालच्या कप्तानाला कळलं नाही. आत हवा कोंदलेली, उकाडा ४५ अंशांच्या वर, माणसं चक्कर येऊन पडतायत, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. वर युद्ध सुरू झालंय की नाही, कोणालाच माहीत नाही. त्या पाणबुडीवर एक अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो होता, आणि अमेरिकनांना त्याचा पत्ताही नव्हता. ही माहिती जगापुढे ठळकपणे आली ती २००२ मध्ये, हवानातल्या परिषदेत. चाळीस वर्षांनी! पाणबुडीवरच्या एका अधिकाऱ्याच्या सांगण्यानुसार कप्तान सावित्स्की यांनी संतापून तो टॉर्पेडो तयार करायला सांगितलं, आणि त्याच पाणबुडीवर असलेले वरिष्ठ अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांनी त्यांना शांत केलं. दुसरीही एक हकीकत आहे, तिच्यात हा प्रसंग पाणबुडी पृष्ठभागावर आल्यावर, अमेरिकी विमानांच्या झगझगीत उजेडात आणि गोळीबारात घडतो. इतिहासकारांमध्ये यावर वाद आहे, आणि तो व्हायला हवा. पण दोन्ही हकीकतींमध्ये आर्खिपोव्ह थांबायला सांगतात आणि पाणबुडी माघारी जाते.

क्यूबा प्रकरणाने दोन्ही बाजूंना घाम फुटला होता. त्यातून १९६३ च्या जूनमध्ये दोन राजधान्यांना थेट जोडणाऱ्या लाईनचा करार झाला. सिनेमात तिचा लाल टेलिफोन करून टाकलाय. प्रत्यक्षात ते टंकलेखन यंत्र होतं, लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम आणि हेलसिंकी मार्गे जाणाऱ्या तारेवर चालणारं. मुद्दाम लेखी ठेवलं. बोलण्यात आवाज चढतो, भाषांतरकाराची जीभ घसरते. लिहिलेलं माणूस पुन्हा वाचतो. ज्याने कोणी हे सुचवलं त्याला माणसाची नस माहीत होती.

म्हणजे निरोपाचे बारा तास कमी होऊन मिनिटांवर आले. मग झालं, प्रश्न सुटला असं वाटेल. पण त्याच वर्षांमध्ये दुसऱ्या बाजूने वेळ खाल्ला जात होता. बॉम्ब विमानातून टाकायचा तर विमानाला तास लागतात, आणि अर्ध्या वाटेतून परत बोलावता येतं. जमिनीवरून सुटलेलं आंतरखंडीय क्षेपणास्त्र सुमारे ३० मिनिटांत पोहोचतं. पाणबुडीतलं, किनाऱ्याजवळ असेल तर, दहा-पंधरा मिनिटांत. आणि सुटलेलं क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही. त्यामुळे आपली क्षेपणास्त्रं खड्ड्यातच नष्ट होण्याआधी सोडायची असतील, तर इशारा खरा मानूनच सोडायची, असा विचार दोन्हीकडे रुजला. इशारा तपासणं, वरपर्यंत कळवणं, राष्ट्राध्यक्षांना उठवणं हे सगळं वजा केलं तर निर्णयाला उरतात पाच-सात मिनिटं. आपण एखादी साडी घ्यायची की नाही हे ठरवायला याहून जास्त वेळ घेतो. हे विनोदाने म्हणतोय, पण हिशोब खरा आहे.

आता हा इशारा देतं कोण? यंत्र. आणि यंत्र कसं चुकतं? ९ नोव्हेंबर १९७९ रोजी अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्राच्या पडद्यांवर मोठा सोव्हिएत हल्ला दिसू लागला. विमानं सज्ज झाली. निघालं काय, तर सरावासाठी तयार केलेला काल्पनिक हल्ल्याचा मजकूर खऱ्या यंत्रणेत शिरला होता. सात महिन्यांत, जून १९८० मध्ये, पुन्हा तेच. त्या यंत्रणेत आलेल्या क्षेपणास्त्रांचा आकडा एरवी शून्य दाखवला जातो. एक चिप बिघडली आणि शून्यांच्या जागी २ उमटू लागले. दोन क्षेपणास्त्रं, मग दोनशेवीस. बॉम्बफेकी विमानांच्या चालकांनी इंजिनं सुरू केली होती. त्या चिपची किंमत ४६ सेंट होती, असं चौकशीनंतर बाहेर आलं.

आणि मग येतो १९८३ चा सप्टेंबर.

१ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं. २६९ माणसं गेली. अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रं वर्षअखेर पश्चिम जर्मनीत यायची होती. सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह मूत्रपिंडाच्या आजाराने खंगलेले. हल्ला होणारच, फक्त कधी ते शोधा, असे हुकूम त्यांच्या गुप्तहेरांना गेलेले. २६ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव्ह-१५ या ठिकाणच्या बंकरमध्ये भोंगा वाजला आणि पडद्यावर क्षेपणास्त्र सुटल्याची लाल अक्षरं आली. मग दुसरं. तिसरं. एकूण पाच. ड्यूटीवर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह.

पेत्रोव्ह यांनी वरिष्ठांना फोनवर सांगितलं: इशारा खोटा आहे.

कशावरून? त्यांनी नंतर दिलेली कारणं साधी आहेत. हल्ला करायचा तर कोणी पाचच क्षेपणास्त्रं सोडून करत नाही. उपग्रहांची ती यंत्रणा नवी होती, घाईने कामाला लावलेली होती, आणि तिचे कच्चे दुवे त्यांना आतून माहीत होते, कारण ते इंजिनिअर होते. शिवाय जमिनीवरच्या रडारला काहीच दिसत नव्हतं. तरीही खात्री नव्हतीच. पन्नास-पन्नास टक्के, असं ते पुढे सांगत. नंतर कळलं की ढगांच्या वरच्या थरावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाने क्षेपणास्त्रांची ज्वाळा समजून घेतला होता.

त्यांना शाबासकी मिळाली का? सुरुवातीला थोडी, मग कानउघाडणी. त्या रात्रीच्या नोंदवहीत वेळेवर नोंदी का केल्या नाहीत म्हणून! एका हातात फोन, दुसऱ्या हातात ध्वनिक्षेपक, तिसरा हात आणू कुठून, असं त्यांचं त्यावर उत्तर. ही गोष्ट जगाला कळली सोव्हिएत संघ कोसळल्यावर, त्यांच्याच एका सेनापतीच्या आठवणींमुळे. पेत्रोव्ह २०१७ च्या मे महिन्यात मॉस्कोजवळच्या एका गावात वारले, आणि ती बातमी बाहेरच्या जगात पोहोचायला सप्टेंबर उजाडला.

मी ही गोष्ट वर्गात सांगतो तेव्हा मुलं टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या मला थोड्या खुपतात. 'एका माणसाने जग वाचवलं' असं आपण म्हणतो, पण पेत्रोव्ह यांच्याकडे बटण नव्हतं. त्यांच्या वर आणखी अधिकारी होते, त्यांच्या वर आंद्रोपोव्ह. पेत्रोव्ह यांनी 'हल्ला आहे' म्हटलं असतं तर वरच्यांपैकी कोणी थांबलं असतंही. आपल्याला ते कळायला मार्ग नाही, आणि इतिहासकाराने तसं बोलू नये. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अशी गोष्ट ऐकून आपण निर्धास्त होतो. वेळ आली की कोणीतरी शहाणा माणूस खुर्चीत असेलच, अशी आपली समजूत होते. पण ज्या गोष्टीत शहाणा माणूस खुर्चीत नव्हता, ती सांगायला आपण इथे जमलोच नसतो.

पेत्रोव्ह यांच्याकडे काय होतं? शहाणपण होतं, मान्य. पण काही मिनिटं होती. अमेरिकेतल्या तळावरून सुटलेलं क्षेपणास्त्र अर्ध्या तासाने पोहोचणार होतं, म्हणून रडारवर काही दिसतंय का, हे बघायला ते थांबू शकले. तोच इशारा जर्मनीतल्या पर्शिंगचा असता तर? ते क्षेपणास्त्र दहा मिनिटांच्या आत रशियाच्या आतवर पोहोचेल असं मानलं जात होतं. तेव्हा थांबून बघायला काय उरलं असतं?

याच कारणाने १९८७ चा आयएनएफ करार मला त्या काळातला सगळ्यात मोठा करार वाटतो. रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची, जमिनीवरून सुटणारी क्षेपणास्त्रं पूर्णच काढून टाकली. २,६९२ क्षेपणास्त्रं मोडली गेली. अण्वस्त्रांच्या एकूण साठ्यात हा आकडा लहान होता; त्या सुमाराला जगात ७०,००० च्या आसपास अण्वस्त्रं होती. पण मोडली ती नेमकी वेळ खाणारी शस्त्रं होती. करार पाळला जातोय का हे बघायला अमेरिकी निरीक्षक वोत्किन्स्क इथल्या रशियन कारखान्याच्या दारात तेरा वर्षं मुक्काम ठोकून होते, आणि रशियन निरीक्षक अमेरिकेत युटामध्ये. बर्फात, बायकापोरांपासून लांब, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढत नाही.

शीतयुद्ध संपल्यावर धोका संपला असं आपण समजलो. २५ जानेवारी १९९५ ला नॉर्वेतून एक रॉकेट सुटलं, ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायला. रशियाला आधी पत्र गेलं होतं. पत्र मॉस्कोतच राहिलं, रडारवर बसलेल्यांपर्यंत गेलं नाही. पाणबुडीतून सुटलेलं क्षेपणास्त्र असावं असा इशारा वर गेला आणि येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. रॉकेट समुद्राकडे वळलं, पेटी मिटली. पुन्हा तेच: निरोप निघाला, पण ज्याला हवा होता त्याला मिळाला नाही. क्यूबाच्या समुद्रातलं आणि हे, मध्ये ३३ वर्षं.

आज कुठे आहोत? आयएनएफ करार २ ऑगस्ट २०१९ ला संपला. २१ नोव्हेंबर २०२४ ला रशियाने युक्रेनच्या द्निप्रो शहरावर मध्यम पल्ल्याचं नवं क्षेपणास्त्र डागलं. त्यावर अण्वस्त्र नव्हतं, पण बसू शकतं. लांब पल्ल्याच्या अस्त्रांना मर्यादा घालणाऱ्या 'न्यू स्टार्ट' करारातला सहभाग रशियाने २०२३ मध्ये थांबवला, आणि त्या कराराची अखेरची तारीखच मुळात ५ फेब्रुवारी २०२६ होती. करारातली मुदतवाढ एकदाच मिळणार होती, ती २०२१ मध्ये वापरून झाली होती. जगात आज सुमारे १२,२०० अण्वस्त्रं आहेत. सत्तर हजारांवरून बारा हजारांवर आलो, हे चांगलंच झालं. पण त्यातली दोन हजारांच्या वर अस्त्रं क्षेपणास्त्रांवर चढवलेली, हुकूम आला की लगेच सुटतील अशा तयारीत आहेत.

आता तुम्ही म्हणाल, रशिया-अमेरिकेचं झालं, आपलं काय? आपल्याकडे तर लांब पल्ल्याचा प्रश्नच नाही. इथे सगळंच जवळ आहे.

भारत-पाकिस्तानने वेळेच्या बाबतीत काही चांगली कामं करून ठेवलीत, ती नेहमी विसरली जातात. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही हा करार १९८८ च्या ३१ डिसेंबरचा; त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. कारगिलच्या वर्षीही झाली, संबंध तुटल्यासारखे असतानाही झाली. २००५ मध्ये दुसरा करार झाला: बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी करायची तर आधी कळवायचं. 'बॅलिस्टिक' हा शब्द लक्षात ठेवा.

९ मार्च २०२२ ची संध्याकाळ. भारताच्या बाजूने एक क्षेपणास्त्र सुटलं आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत, मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, कोणी दगावलं नाही. पाकिस्तानच्या हद्दीत ते साडेतीन मिनिटांच्या आसपास होतं. दोन दिवसांनी आपल्या संरक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की नियमित देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाडामुळे ते चुकून सुटलं. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. ते ब्रह्मोस होतं. ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र आहे, बॅलिस्टिक नव्हे. २००५ चा करार त्याला लागूच होत नाही. दोन्ही सैन्यांच्या कारवाई प्रमुखांमध्ये थेट फोन आहे. तो त्या साडेतीन मिनिटांत वाजला नाही, आणि लगेच नंतरही नाही. आपल्याला ही बातमी पाकिस्तानी लष्कराच्या पत्रकार परिषदेतून कळली, हे मला आजही टोचतं.

मग २०२५ चा मे आला. चार दिवसांच्या लढाईत दोन्हीकडून क्षेपणास्त्रं चालली. १० मेला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या कारवाई प्रमुखांनी भारताच्या प्रमुखांना फोन केला आणि ५ वाजता गोळीबार थांबला. म्हणजे यंत्रणा चालली, फोन चालला. पण दोन महिन्यांनी पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे सल्लागार राणा सनाउल्लाह एका मुलाखतीत बोलून गेले. रावळपिंडीजवळच्या नूर खान तळाकडे ब्रह्मोस येत होतं तेव्हा त्यावर अण्वस्त्र आहे की नाही हे ठरवायला त्यांच्या सैन्याकडे ३० ते ४५ सेकंद होते, असं ते म्हणाले. हे राजकारण्याचं बोलणं आहे, त्यात बाहेरच्या देशांना घाबरवण्याचा हेतू असणार, हे मी धरून चालतो. पण हेतू बाजूला काढला तरी आकडा जागेवर राहतो. त्या क्षेपणास्त्राचा वेग आणि ते अंतर नकाशावर मांडून बघा.

पेत्रोव्ह यांना मिनिटं मिळाली होती. इथे सेकंदांचं बोलणं चाललंय. आणि २००५ च्या करारात 'क्रूझ' हा शब्द नाही.

आता प्रश्न विचारा. समोरच्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात, त्यांच्यापासून सुरू करू.